परक्या जिममध्ये पाहुणे म्हणून जाताना : आपले अनुभव लिहा

नोकरीनिमित्त किंवा घरच्या कार्यासाठी बाहेरगावी जावे लागले तरी व्यायामात खंड पडू नये, असे वाटणारे आता आपल्याकडेही पुष्कळ आहेत. एका दिवसाचे पैसे भरून परक्या जिममध्ये प्रवेश मिळणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही; मात्र आत गेल्यावर कसे वागावे, हे फारसे कुणी सांगत नाही. आपल्या नेहमीच्या जागी कोणत्या वेळी रॅकवर कोण असते, कोणती डंबेल्स कुठे ठेवायची, हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. परक्या ठिकाणीही अशीच एक घडी आधीपासून बसलेली असते आणि ती नियमांच्या फलकावर लिहिलेली नसते. पाहुण्याचे पहिले काम ती घडी ओळखणे हे आहे, असे मला ठामपणे वाटते. त्यासाठी आपला ठरलेला व्यायाम त्या दिवसापुरता बाजूला ठेवावा लागला तर तो ठेवावा. मी आदल्या दिवशी फोन करून गर्दीची वेळ विचारतो आणि ती टाळतो. पोचल्यावर तिथल्या ट्रेनरला ओळख देऊन किती वेळ थांबणार आणि जुनी दुखापत कोणती, हे सांगतो. आपण देशात वा परदेशात, जिममध्ये वा तालमीत असे गेला असाल, किंवा अशा पाहुण्यांना आपल्या जागेत सामावून घेतले असेल, तर तिथली रीत काय होती ते कृपया तपशिलाने लिहावे.

ठाणे

मी पन्नाशीनंतर क्रॉसफिट, म्हणजे वजने उचलणे, धावणे, पुलअप्स असे मिश्र व्यायाम जोमाने करण्याचा प्रकार, सुरू केले आणि अमेरिकेत लेकीकडे गेले की तिथल्या क्रॉसफिट जिममध्ये ड्रॉप-इन, म्हणजे एखाद्या दिवसापुरती पाहुणी, म्हणून जाते. तिथे वाटेल तेव्हा जाऊन वाटेल तो व्यायाम करता येत नाही. तासाची बॅच असते, सगळे एकत्र सुरू करतात आणि त्या दिवसाचा व्यायाम फळ्यावर लिहिलेला असतो. त्यामुळे आधी ऑनलाइन नाव नोंदवावे, दुखापतीची जबाबदारी आपली असल्याचा फॉर्म घरीच भरावा आणि पंधरा मिनिटे आधी पोचून कोचला भेटावे. वजने लावायचा लोखंडी बार बहुधा ४५ पौंडांचा, म्हणजे वीस किलोंहून किंचित जास्त असतो. त्याला दोन्ही बाजूंना ४५ची एकेक प्लेट लावली की १३५ पौंड, साधारण ६१ किलो होतात. हे गणित घरूनच करून गेले म्हणजे कोचने वजन विचारल्यावर सगळ्या बॅचला ताटकळावे लागत नाही. रिकामा बार वरून सोडू नये, आणि फक्त दहा पौंडांच्या पातळ रबरी प्लेट्स लावलेला बारही सोडू नये, कारण त्या वाकतात. सामान जिथून घेतले तिथेच ठेवावे. आपला व्यायाम आधी संपला तरी शेवटच्या माणसाचा होईपर्यंत थांबून त्याला हुरूप द्यावा. ही तिथली रीत मला मनापासून आवडते.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, म्हणजे शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनी, तिथे 'मर्फ' करतात : एक मैल धावणे, १०० पुलअप्स, २०० पुशअप्स, ३०० स्क्वॉट्स आणि पुन्हा एक मैल. अफगाणिस्तानात २००५ मध्ये मारले गेलेले नौदल अधिकारी मायकेल मर्फी यांच्या नावाचा तो व्यायाम आहे. त्या दिवशी पाहुण्याने आपल्या वेळेच्या बढाया मारू नयेत, फोटोंची घाई करू नये. मी कोचला विचारून निम्म्या संख्येने केला आणि त्यात कुणालाही काही वावगे वाटले नाही.

श्टुटगार्ट

जर्मनीतले माझे अनुभव थोडक्यात लिहितो. लॉकरसाठी आपले कुलूप आपणच न्यावे लागते. बाहेरचे बूट आत चालत नाहीत, म्हणून स्वच्छ बूट वेगळ्या पिशवीत असावेत. बाकावर किंवा यंत्रावर मोठा टॉवेल अंथरल्याशिवाय बसू नये. नॅपकिनएवढा तुकडा पुरत नाही, आणि टॉवेल नसल्यास काउंटरवरूनच परत पाठवतात. कपडे बदलण्याच्या खोलीत शिरताना 'हालो' आणि निघताना 'चुस' म्हणण्याची पद्धत आहे, अनोळखी माणसांनाही. आपल्याकडच्या माणसाला तिथे मान खाली घालून निघून जाणे सभ्यपणाचे वाटते, पण तिथे ते तुटकपणाचे दिसते.

लातूर

जिमपेक्षा तालमीची रीत कडक असते, म्हणून कोल्हापूरचा अनुभव सविस्तर लिहितो. लहानपणी मी मातीत कुस्ती खेळलो आहे आणि आता शरीर राखण्यापुरता जोर-बैठका करतो. कोल्हापुरात कामासाठी मुक्काम होता, तेव्हा जुन्या पेठेतल्या एका तालमीत संध्याकाळी आधी नुसता भेटायला गेलो. परवानगी वस्तादांचीच घ्यायची असते; आतल्या पोरांशी ओळख असली तरी ती पुरत नाही. मी कुठला, कुणाच्या हाताखाली शिकलो, हे त्यांनी विचारले, माझी नखे पाहिली आणि पहाटे यायला सांगितले.

पहाटे चपला उंबऱ्याबाहेर काढून आत गेलो. बजरंगबलीला नमस्कार केला, मातीला हात लावून तो कपाळाला लावला. हौदातल्या तांबड्या मातीत ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर मुरवलेला असतो आणि त्या मातीची राखण सगळे जण करतात. तिच्यात थुंकणे सोडाच, चपलेच्या धुळीचा कणही पडू देत नाहीत. मी लंगोट कसून उभा राहिलो, तर वस्ताद म्हणाले, "पाव्हणं, आधी माती उकरा." कुणीतरी हातात फावडे दिले. हौदाची एक बाजू उकरून होईपर्यंत माझा दम निघाला, आणि शेजारी उकरणारा तालमीतला सर्वांत तयारीचा मल्ल होता. वस्तादांनी जोड लावल्याशिवाय पाहुण्याने कुणालाही खेळायला बोलवायचे नसते. मला त्यांनी एका सोळा-सतरा वर्षांच्या पोरासमोर उभे केले आणि मीही डाव जिंकण्याच्या ईर्षेने खेळलो नाही, कारण तो वेळ त्या पोराच्या सरावाचा होता. निघताना पैसे विचारले तेव्हा ते रागावले. मी दुसऱ्या दिवशी पोरांच्या थंडाईसाठी बदाम नेऊन दिले आणि ते त्यांनी आनंदाने ठेवून घेतले. पैसे देण्यापेक्षा हे योग्य, असे माझे मत झाले आहे.

सातारा जिल्हा

माझी जिम महामार्गालगत असल्यामुळे पाहुणे नेहमी येतात, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. संध्याकाळी सहा ते नऊ आमचे सभासद कामावरून येतात. त्या वेळी पाहुण्याने एकाच यंत्रावर ठाण मांडून मधल्या विश्रांतीत मोबाइल पाहत बसू नये. दुसऱ्याला मध्ये एक सेट मारू द्यावा. दुसरे म्हणजे न विचारता कुणाचा व्यायाम सुधारू नये. एका पाहुण्यांनी आमच्या एका मुलाची डेडलिफ्ट सर्वांसमोर दुरुस्त केली. त्यांचे म्हणणे बरोबर असेलही, परंतु त्या मुलाच्या पाठीची जुनी दुखापत मला ठाऊक होती आणि त्यांना नव्हती. काही दिसलेच तर ट्रेनरला बाजूला घेऊन सांगावे. व्हिडिओ काढताना मागे व्यायाम करणारी बायामाणसे येणार नाहीत, हेही पाहावे. खंडेनवमीला आमच्याकडे डंबेल्सना, बारला हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहतात. पूजा होईपर्यंत कुणी वजनाला हात लावत नाही. त्या दिवशी आलेल्या पाहुण्यांनी प्रसाद घ्यावा आणि थोडे थांबावे, एवढीच विनंती.

पुणे

सासरी तालुक्याच्या गावी गेले की मी तिथल्या जिममध्ये जाते. स्त्रियांसाठी दुपारची बॅच वेगळी असते, म्हणून फोनवर तीच वेळ आधी विचारते. कपडे बदलायची खोली आहे का, तिला आतून कडी लागते का, हेही निःसंकोच विचारते, आणि प्रत्येक बाईने विचारावे असे मला वाटते. तिथल्या काकू सैल कुडता घालून, ओढणी कमरेला बांधून व्यायाम करतात, म्हणून मीही तिथे ढगळ टीशर्ट घालते. त्याने माझे काही अडत नाही आणि त्या मोकळेपणाने बोलतात. मात्र एक शंका आहे. तिथल्या ट्रेनर ताईंनी मला पूर्ण तासभर शिकवले. अशा वेळी त्यांना वेगळे पैसे द्यावेत का?

टोकियो

जपानमध्येही व्यायामाचे बूट वेगळे लागतात. नगरपालिकेच्या जिम स्वस्त असतात, परंतु काही ठिकाणी पहिल्या वेळी यंत्रांची माहिती घेण्याचे छोटे सत्र पूर्ण केल्याशिवाय व्यायाम करू देत नाहीत, म्हणून त्याची वेळ आधी पाहून जावे. अंगावर गोंदण असल्यास अनेक जिममध्ये प्रवेश नाकारतात. काही ठिकाणी ते पूर्ण झाकलेले असल्यास चालते.

सातारा जिल्हा

पुण्याच्या ताईंच्या शंकेविषयी : परस्पर हातात पैसे देऊ नयेत, त्याने ट्रेनरचीच अडचण होते. दिवसाची फी काउंटरवर भरून पावती घ्यावी आणि तासभर शिकवले असेल तर त्याचे वेगळे किती, हे मालकांना विचारून तिथेच भरावे. बहुतेक मालक त्यातला वाटा ट्रेनरला देतात.