'ग्राही' म्हणजे नक्की काय? (आणि मयमय)

तापीकाठ : आईची केमो जळगावला चालू आहे. केमोने होणारी मळमळ थांबवणाऱ्या ओन्डान्सेट्रॉन गोळीची माहिती तिच्यासाठी मराठीत लिहितोय. 'रिसेप्टर'ला (पेशीवरची रेणू धरणारी जागा) 'ग्राही' वापरलं : 'गोळी सेरोटोनिनचे ग्राही अडवते, मळमळ थांबते.' आमचे काका वैद्य. म्हणाले, "ग्राही म्हणजे मल बांधणारं, सुंठ-जिऱ्यासारखं. ते अडवलं तर जुलाब होतील की!" दुसरा शब्द आहे का? आईला तर 'मळमळ'सुद्धा पुस्तकी. ती म्हणते, "जीव मयमय करस."

केळीबाग : काका बरोबर आहेत. शार्ङ्गधरसंहिता या जुन्या आयुर्वेद ग्रंथात ग्राहीची उदाहरणं सुंठ, जिरं हीच. धातू एकच, ग्रह्, म्हणजे धरणे. आयुर्वेदातला ग्राही पाणी धरतो, तुमचा रेणू. गंमत म्हणजे या गोळीने बद्धकोष्ठ होतं. म्हणजे ग्राही अडवणारी गोळी स्वतःच ग्राही!

'सेरोटोनिन' या शरीरातल्या रसायनाचं नावही फसवंच. 1948 साली ते रक्तरसातून (सीरम) वेगळं काढलं म्हणून 'सीरम'वरून बारसं झालं, पण शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन असतं आतड्यात. केमोमुळे आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ते भसाभस सोडतात. ते पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या टोकांवरच्या ग्राहींवर जाऊन बसतं आणि मेंदूला ओकारीची वर्दी पोचते. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, गोळी तेच करते. आईसाठी सरळ 'जागा' लिहा.

तापीकाठ : रुमाल झकास! पण एका ठिकाणी 'सेरोटोनिन हार्मोन' असं वाचलं. मग संप्रेरक म्हणू?

केळीबाग : इथे नको. मज्जातंतूंपाशी ते निरोप्या आहे. मात्र मेंदूतल्या काही ग्राहींवर बसलं की पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीतून प्रोलॅक्टिन, एसीटीएच ही संप्रेरकं सुटतात आणि त्यामागून अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक. म्हणजे तिथे ते दुसऱ्या संप्रेरकांना कामाला लावतं. ग्राहींचे 14 प्रकार, 7 कुळं. ओकारीची वर्दी देणारं तिसरं कुळ. संप्रेरकं हलवणारे मुख्यतः पहिल्या-दुसऱ्या कुळातले. नुसतं 'ग्राही अडवते' लिहिलं तर सगळेच अडवल्यासारखं वाटेल, म्हणून 'तिसऱ्या कुळातले' हवंच.

खापरावरची पोळी : आमच्याकडे खानदेशात ळ चा य होतो, डोळा-डोया, तशी मळमळ-मयमय. आईच्या कागदावर मयमयच ठेवा, प्रमाण मराठी काय रागावणार नाही.

तापीकाठ : ठेवलं. 'आतड्यातल्या तिसऱ्या कुळातल्या जागांवर गोळी रुमाल टाकते, मयमय कमी होते.' आईने वाचलं आणि विचारलं, "मंग तो रुमाल कोन उचलस?"

केळीबाग : यकृत. काही तासांत. म्हणून पुढची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच.