एक्सेलचा हिशोब पीडीएफ केला की सगळी वाट लागते, काय करू?

रामबागवाला
मंडळी, मदत करा. आमच्या गणपती मंडळाचा जमाखर्च दरवर्षी मीच एक्सेलमध्ये करतो, स्क्रीनवर टकाटक दिसतो पण पीडीएफ केली की शेवटचे दोन कॉलम वेगळ्याच पानावर, मग सगळं एका पानात बसवलं तर अक्षर मुंगीएवढं, आणि लोगो असा झालाय की गणपती आहे की मोदक तेच कळेना. ११ कॉलम, १६० देणगीदार. रविवारी सभा आहे, झेरॉक्सवाला म्हणतो फाइलच खराब.

जीरावन_प्रेमी
फाइल बरोबर आहे भिया, १६० ओळी एका पानात कोंबल्यास तर काय होणार! पेज लेआउटला जा, स्केल टू फिटमध्ये विड्थ १ पेज आणि हाइट ऑटोमॅटिकच राहू दे, पान आडवं कर आणि साइज ए४ आहे का बघ, कधीकधी लेटर पडलेलं असतं. तरी स्केल ४५ टक्क्यांवर गेला तर ११ चा फॉन्ट कागदावर ५ चा होतो, तो कोण वाचणार. त्यापेक्षा पत्ता आणि मोबाइलचे कॉलम हाइड कर, तसेही सभेत वाटायचे नसतातच. आणि प्रिंट टायटल्समध्ये हेडिंगची ओळ दे, म्हणजे प्रत्येक पानावर येते.

सराफ्यातली_खवय्यी
लोगो कुठून घेतलात दादा, व्हॉट्सॅपवरून? मग तो आधीच दाबलेला आहे. वर एक्सेल सेव्ह करताना स्वतःच फोटो कॉम्प्रेस करतं. फाइल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्डमध्ये इमेज साइज अँड क्वालिटी आहे, तिथे ‘डू नॉट कॉम्प्रेस’ वर टिक करा आणि मग जुना लोगो डिलीट करून मूळ फाइलमधून परत टाका, नुसती टिक करून गेलेली क्वालिटी परत येत नाही हो. सेव्ह अॅज पीडीएफ करताना ‘स्टँडर्ड’ निवडा, ‘मिनिमम साइज’ नको. चार्टसुद्धा चित्र म्हणून पेस्ट केला असेल तर काढा, खरा चार्ट ठेवलात की झूम करूनही रेघा स्वच्छ राहतात.

रामबागवाला
लोगो व्हॉट्सॅपचाच होता 🙈 आता मस्त आला. कॉलमचं पण जमलं, ५ पानं झाली. पण देणगीदारांची नावं झूम केली की अजून फाटल्यासारखी दिसतायत, आकडे मात्र छान.

जुना_टायपिस्ट
पीडीएफमध्ये एखादं नाव माउसने सिलेक्ट करून बघा. होत नसेल तर ते अक्षर नाही, चित्र आहे. काही फॉन्टना लायसन्समुळे पीडीएफमध्ये एम्बेड व्हायची, म्हणजे फाइलच्या आत जायची, परवानगी नसते, मग त्यांचं नुसतं चित्र बनू शकतं. नावांचा फॉन्ट बदला, निर्मला यूआय चालतो. पण नावं कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली असतील तर आधी युनिकोडमध्ये (हल्ली सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) कन्व्हर्ट करावी लागतील, नुसता फॉन्ट बदलला तर नुसती एबीसीडी दिसेल.

रामबागवाला
सिलेक्ट होत नव्हतंच! कुठूनतरी उतरवलेला नक्षीदार फॉन्ट होता, निर्मला केला आणि काम झालं. काकांना पाठवली तर म्हणतात बाकी झकास, पण खजिनदाराच्या सहीला जागाच नाही ठेवलीस. परत बसतो आता.