बॉल मिल पूर्ण खोलायची वेळ आलीय हे ठरवायचं कसं?

मिलवाला:
आमची बॉल मिल (लोखंडी गोळ्यांनी माल दळणारं फिरतं पिंप) हल्ली टनामागे जास्त युनिट खायला लागलीय, प्रॉडक्शन पण उतरलंय आणि पिनियनच्या (मिल फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या) बाजूने घरघर येते. साहेब म्हणतात लायनर (आतलं झिजणारं अस्तर) बदला आणि चालवा, फोरमन म्हणतो सगळी खोला. ओव्हरहॉल म्हणजे प्लांट बरेच दिवस बंद, म्हणून विचारतोय, नक्की कशावरून ठरवता तुम्ही लोक?

शिफ्ट इंजिनिअर:
युनिट वाढले की लगेच ओव्हरहॉल असं नसतं हो. आधी फीड बघा, माल कडक किंवा ओला येतोय का. मोटरचे अँपिअर उतरलेत का? उतरले असतील तर बहुतेक बॉल झिजून चार्ज (आतल्या बॉलचा भरणा) कमी झालाय, टॉप-अप करा. अँपिअर तेवढेच असून माल कमी निघत असेल तर मिल लॉकआउट करून (वीज तोडून, कुलूप लावून) आत उतरा, लिफ्टर (लायनरवरचे बॉल उचलणारे उंचवटे) सपाट झाले असतील तर बॉल वर चढतच नाहीत नुसते घसरतात, आणि डायफ्रामच्या (माल पुढे सोडणाऱ्या जाळीच्या) फटी बुजल्यात का तेही बघा. हे सगळं साध्या शटडाउनमध्ये होतं.

गिअरवाले काका:
मला त्या घरघरीची जास्त काळजी वाटते. मिल लोडवर असताना गार्डच्या खिडकीतून इन्फ्रारेड थर्मामीटरने पिनियनच्या दातांचं टेंपरेचर घ्या, दोन्ही टोकं आणि मध्ये. एक टोक दुसऱ्यापेक्षा 8-10 डिग्रीने गरम असेल तर अलाइनमेंट गेलंय समजा. दातांवरचे सुरुवातीचे बारीक खड्डे कधीकधी आपोआप बसून जातात, पण ते वाढून एकमेकांत मिसळायला लागले किंवा दाताच्या मुळाशी चीर दिसली तर मिल अजिबात चालवू नका. बॅकलॅश (गिअरच्या दातांमधली मोकळी फट) जुन्या रेकॉर्डशी ताडून बघा आणि गर्थ गिअरची (मिलभोवतीच्या मोठ्या गिअरची) चौकशी आत्ताच सुरू करा, ऑर्डर दिल्यावर यायला महिने जातात.

ऑइल लॅब:
ट्रनियन बेअरिंगच्या (मिलचं वजन पेलणाऱ्या टोकांच्या बेअरिंगच्या) तेलाचे मागचे रिपोर्ट काढा. कथील दर वेळी वाढत असेल तर व्हाइट मेटल (बेअरिंगचं आतलं कथीलयुक्त अस्तर) झिजतंय, एकट्या रिपोर्टवरून मात्र काही ठरवू नका. लायनरचे बोल्ट घट्ट करूनही परत परत पावडर गळत असेल तर लायनरमागे माल शिरून शेल (मिलचं बाहेरचं नळकांडं) घासत असणार, जाडी अल्ट्रासॉनिकने मोजून घ्या. बेअरिंग, गिअर, शेल यातलं एक जरी गेलं असेल तर फोरमन बरोबर बोलतोय.

मिलवाला:
अँपिअर उतरलेले नाहीत, बोल्ट पण कोरडे आहेत. उद्या पिनियनचं टेंपरेचर घेऊन इथे टाकतो.

गिअरवाले काका:
फुल लोडवर टेंपरेचर स्थिर झाल्यावरच घ्या बरं का, गार मशीनवरचं रीडिंग काही कामाचं नाही.