‘रूट्स’ कोणत्या कपाटात ठेवावे?

पानगळ (प्रश्न)

आमच्या छोट्या वाचनालयातील पुस्तकांची नव्याने मांडणी चालू असून अ‍ॅलेक्स हेली यांच्या ‘रूट्स’पाशी (१९७६) गाडे अडले आहे. गँबियातील जुफुरे गावातून पळवून आणलेल्या कुंटा किंटेपासून स्वतःपर्यंतच्या पिढ्यांची कथा हेली यांनी त्यात सांगितली आहे. मी हे पुस्तक आजवर कुटुंबाचा इतिहास म्हणूनच वाचत आलो. आता एक सहकारी म्हणतात की ते इतिहासाच्या कपाटात ठेवणे म्हणजे वाचकाची दिशाभूल आहे. हे कितपत खरे? आणि आपल्या घराण्याविषयी किंवा जमातीविषयी लिहिणाऱ्या अमेरिकी लेखकांपैकी कोणाला त्याच्या शेजारी ठेवावे?

जुना_दस्त

आपल्या सहकाऱ्यांशी मी सहमत आहे. १७६७ साली गँबियातून माणसे घेऊन अ‍ॅनापोलिसला लागलेले ‘लॉर्ड लिगोनियर’ हे जहाज खरे आहे; परंतु हेली ज्या ‘टोबी’ला कुंटा मानतात, त्याची नोंद व्हर्जिनियात ते जहाज येण्यापूर्वीच सापडते, असे वंशावळींच्या अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. गावात ज्याच्या तोंडून हेली यांनी वंशकथा ऐकली, त्याला पाहुण्याला काय ऐकायचे आहे याची आधीच कल्पना होती, असाही आक्षेप घेतला गेला. (आपल्याकडे हेळवी दारात येऊन पिढ्या म्हणून दाखवतो, तेव्हा यजमानाचा मान राखण्याची गरज त्यालाही असतेच.) हॅरल्ड कुरलँडर यांच्या कादंबरीतील मजकूर घेतल्याचा दावा तर १९७८ मध्ये पैसे देऊन मिटवावा लागला.

मात्र कल्पनेची गरज का पडली, हेही पाहावे. १८५० आणि १८६० च्या जनगणनांत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली, बहुतेक ठिकाणी केवळ वय, लिंग आणि वर्ण एवढीच आहे. त्यांतील बहुसंख्य माणसे नावानिशी दिसतात ती थेट १८७० मध्ये. त्यामागे जायचे तर घरातल्या आजीमावश्यांच्या बोलण्याखेरीज फारसे काही हाती लागत नाही. तरीही माझ्या मते ती कादंबरीच आहे.

माजघर

शेजारी झोरा नील हर्स्टन यांचे ‘बॅराकून’ अवश्य ठेवा. गुलामांच्या आयातीवर १८०८ पासून बंदी असूनही १८६० मध्ये ‘क्लोटिल्डा’ जहाजातून अलाबामात चोरून आणलेल्या कोसोला ऊर्फ कजो लुइस यांची ही कहाणी आहे. हर्स्टन मानववंशशास्त्र शिकलेल्या होत्या, पण पुस्तकात प्रश्नावलीचा वास नाही. म्हातारा कधी बोलायला राजी नसतो, मग दोघे मिळून कलिंगड खातात आणि तो दिवस तसाच जातो. कोसोला बोलले तशीच भाषा त्यांनी कागदावर उतरवली. ती प्रमाण इंग्रजीत आणावी ही प्रकाशकांची सूचना त्यांनी नाकारली आणि पुस्तक प्रसिद्ध झाले ते २०१८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ५८ वर्षांनी.

जुना_दस्त यांना आवडेल असा एक तपशील: याच माणसावर हर्स्टन यांनी १९२७ मध्ये लिहिलेला लेख बराचसा एम्मा लँग्डन रोश यांच्या पुस्तकातून उचललेला होता. उसनवारीचा दोष एकट्या हेलींच्या माथी मारू नये.

तिसरा_प्रहर

कपाटाचा प्रश्न लेखकाने स्वतःच सोडवल्याचे उदाहरण म्हणजे एन. स्कॉट मॉमडे यांचे ‘द वे टू रेनी माउंटन’ (१९६९). कायोवा जमात यलोस्टोनच्या बाजूने उतरत ओक्लाहोमाच्या मैदानांपर्यंत आली, त्या वाटेवरचा प्रत्येक टप्पा ते तीनदा सांगतात: जमातीची दंतकथा, मग इतिहासातील नोंद, आणि मग स्वतःची आठवण. तिन्हींचे टाइप वेगळे असल्याने कोण बोलत आहे याचा संभ्रम राहत नाही. हेली यांनी हेच तीन धागे एकत्र वळले आणि गोंधळ झाला. मॅक्सिन हाँग किंगस्टन यांच्या ‘द वुमन वॉरियर’वरही (१९७६) असाच वाद झाला. आईने सांगितलेल्या चिनी कथा तिथे इतक्या मोकळेपणाने बदलल्या आहेत की फ्रँक चिन यांच्यासारखे चिनी-अमेरिकी लेखकच संतापले.

पानगळ

सर्वांचे आभार. ‘रूट्स’ कादंबऱ्यांत जाईल, ‘बॅराकून’ चरित्रांत. मॉमडे यांचे पुस्तक मागवले आहे; मात्र तिथे तीन कपाटे लागतील असे दिसते, आणि आमच्याकडे एकूण चारच आहेत.