कमी पैशांत रोजची सायकल : आपापले अनुभव सांगा

शनिवारपेठी

धाकट्या मुलाला गेल्या आठवड्यात हडपसरच्या एका कारखान्यात पहिली नोकरी लागली. पगार बेताचा आहे, घरापासून अंतर साधारण ९ किलोमीटर आहे, आणि "बाबा, सहा हजारांत रोज वापरता येईल अशी सायकल मिळेल का?" असे त्याने विचारताच मला १९८६ साल आठवले. तेव्हा मी कारखान्याच्या पतसंस्थेतून कर्ज काढून काळी, २४ इंची फ्रेमची सायकल घेतली होती. आईने हँडलला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिले, आणि आळीतल्या सगळ्यांनी पेढे खाल्ले. माझी उंची मात्र पाच फूट तीन इंच, आणि दुकानात त्या दिवशी तेवढी एकच सायकल शिल्लक होती. सीट अगदी नळीला टेकवूनही पायडल खाली गेले की पाय पुरत नसे. दर फेरीला कंबर डावी-उजवीकडे हलायची. दीड वर्ष ती कंबरदुखी काढून शेवटी ती सायकल मी निम्म्या किमतीला विकली. कर्जाचे हप्ते मात्र त्यानंतरही चालू होते. मुलाच्या बाबतीत असे होऊ नये म्हणून हा धागा काढला आहे. ज्यांनी हात राखून सायकल घेतली आणि रोज चालवली, त्यांनी कृपया लिहावे.

सिंहगडरोडकर

मी तीन वर्षांपूर्वी साडेनऊ हजारांना पुढे सस्पेन्शन, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि २१ गिअर असलेली सायकल घेतली. दुकानाचे नाव लिहीत नाही. या किमतीत इतक्या गोष्टी बसवायच्या म्हणजे प्रत्येक गोष्ट हलक्या प्रतीची असणार, हे मला तेव्हा कळायला हवे होते. वडगावहून डेक्कनला येताना जिथे जोर लावून उभे राहावे लागते, तिथे पुढची स्प्रिंग दबत राहते आणि पायातला जोर रस्त्याऐवजी तिच्यात जिरतो. डिस्क दोन महिन्यांत घासू लागली, आणि ती नीट करून देणारा कारागीर शोधण्यात माझे दोन रविवार गेले. २१ गिअरांपैकी मी रोज तीनच वापरतो. आपल्या मुलाला साधा, ताठ फोर्क (पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा, बिनस्प्रिंगचा) असलेलीच सायकल घ्या. वजन कमी राहील आणि बिघडायला जागाही कमी राहील.

कर्वेनगरची परिचारिका

माझी पाळी सकाळी सातला सुरू होते, म्हणून पहाटे सव्वासहाला मी घर सोडते. मी बसकी नळी असलेली लेडीज सायकल घेतली, कारण पंजाबी ड्रेसवर चढता-उतरताना दांडा मध्ये येत नाही. माझ्या मैत्रिणीची ओढणी मागच्या चाकात गेली होती आणि ती म्हात्रे पुलाच्या अलीकडे पडली. सुदैवाने मागून वाहन येत नव्हते. त्यानंतर आम्ही दोघींनीही मागच्या चाकाला जाळी आणि पूर्ण चेनकव्हर बसवून घेतले. सायकल घेताना हे दोन्ही सोबत मिळते का, हे आवर्जून विचारावे. पुढच्या बास्केटमध्ये डबा आणि पाण्याची बाटली यांपेक्षा जास्त काही ठेवू नये. ओझे वाढले की हँडल वळताना ओढ घेते.

अभ्यासिकेतला

मी लातूरहून स्पर्धा परीक्षेसाठी आलो आणि सदाशिव पेठेत राहतो. नवी सायकल परवडणे शक्यच नव्हते. आधी रविवारी जुन्या बाजारात फिरलो, पण विकणाऱ्याकडे कागद नसेल तर घेण्याचे धाडस होईना. शेवटी शिक्षण संपवून गावी निघालेल्या एका मुलाकडून २,२०० रुपयांना घेतली. पायडलचा दांडा ज्या नळीत बसतो, तिच्या खालच्या बाजूला फ्रेमचा क्रमांक कोरलेला असतो. तो दोघांनी मिळून वाचला, साध्या कागदावर लिहिला, त्याखाली त्याची सही घेतली आणि त्याच्या जुन्या पावतीचा फोटो काढून ठेवला. पुढे वसतिगृहात सायकलींवरून एकदा तक्रार झाली, तेव्हा तोच कागद उपयोगी पडला. ओव्हरहॉलिंग, दोन टायर आणि ब्रेकचे रबर यांना आणखी दीड हजार गेले. म्हणून जुनी घेताना किमतीत हा खर्च धरूनच ठरवावे.

कात्रजकर

मुलाला परतीच्या वाटेवर चढ आहे का? मी हे विचारतो, कारण मला सकाळी स्वारगेटपर्यंत उतार लागतो आणि संध्याकाळी दमलेल्या अंगाने तोच रस्ता चढावा लागतो.

शनिवारपेठी

हडपसरचा रस्ता बराचसा सपाट आहे. रामटेकडीजवळ थोडे जाणवते, एवढेच.

जुना कारागीर

चाळीस वर्षे सायकली दुरुस्त केल्या, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कात्रजकर, तुमच्यासाठीही यात काही आहे.

बिनगिअरच्या सायकलीला पुढे पायडलपाशी ४४ दातांची चकती आणि मागच्या चाकावर १८ दातांची चकती, म्हणजे फ्रीव्हील, असेल, तर २६ इंची चाकावर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ५ मीटर पुढे जाते. मागचे फ्रीव्हील २० दातांचे बसवले की तेच अंतर साडेचार मीटरवर येते. सपाटीवर वेग किंचित कमी होतो, पण चढावर गुडघ्यांवरचा भार हलका होतो. गिअरच्या सायकलीवर हजारो रुपये घालण्याआधी हा बदल करून पाहावा. फार तर चेनची एखादी कडी वाढवावी लागते.

दुसरे म्हणजे रिम, ज्यावर टायर बसतो ते चाकाचे कडे. क्रोमच्या लोखंडी रिमवर पावसात रबरी ब्रेक धरतच नाहीत, सायकल सरकत पुढे जाते. जुलैत रोज चालवायची असेल तर अॅल्युमिनियमच्या रिमचीच घ्यावी.

जुनी पाहताना चाक अधांतरी फिरवून रिमचा आउट, म्हणजे ती डावी-उजवीकडे किती लचकते ते, बघावा. पायडल हाताने बाजूला हलवून पाहावे. टकटक आवाज आला तर कॉटर पिन (पायडलचा दांडा घट्ट धरणारी खीळ) झिजलेली असते किंवा आतले कप-छर्रे गेलेले असतात, आणि हे काम स्वस्तात होते. चेनवर फूटपट्टी धरावी. एका पिनीपासून चोवीस कड्यांनंतरच्या पिनीपर्यंत अंतर बरोबर १२ इंच भरले पाहिजे. ते सव्वाबारा इंचांकडे झुकले असेल तर चेनबरोबर फ्रीव्हीलही बदलावे लागेल. फ्रेमच्या जोडापाशी रंगाला केसासारखी चीर दिसली, तर मात्र ती सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नये. माझ्या दुकानात अशी एक सायकल वेल्डिंग करून दिली होती आणि महिन्याभरात ती पुन्हा तिथेच तुटली. चालवणाऱ्याचे पुढचे दोन दात गेले. ते काम मी नाकारायला हवे होते, ही गोष्ट आजही माझ्या मनातून जात नाही.

कर्वेनगरची परिचारिका

काका, तुम्ही हे लिहिलेत ते फार बरे केलेत. माझ्या सायकलीचा जोड मी आत्ताच बॅटरी लावून पाहून आले.

सिंहगडरोडकर

कारागीर काका, माझ्या सायकलीचा पुढचा फोर्क बदलून ताठ बसवता येईल का?

जुना कारागीर

येईल. मात्र वरच्या नळीची जाडी आणि लांबी जुळली पाहिजे, आणि ताठ फोर्कला डिस्कची जागा नसेल तर पुढे व्ही-ब्रेक, म्हणजे रिमला रबराने दाबणारा ब्रेक, घ्यावा लागेल. तुमची रिम त्या ब्रेकची आहे का, ते आधी पाहा. फोटो टाका, मग सांगतो.

शनिवारपेठी

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मुलाला घेऊन गेलो आणि १८ इंची फ्रेमची, ताठ फोर्कची, अॅल्युमिनियम रिमची एक वापरलेली सायकल ३,४०० रुपयांना ठरवली. फ्रेमचा क्रमांक लिहून सही घेतली. चेन मोजली, ती बारा इंचांना जेमतेम वर होती. सीटवर बसवून टाच पायडलवर ठेवायला लावली. पायडल खाली असताना पाय सरळ झाला, कंबर हलली नाही. ते पाहून मला जे वाटले ते लिहिता येणार नाही. उरलेल्या पैशांत कुलूप, पुढचा दिवा, ब्रेकचे रबर आणि २० दातांचे फ्रीव्हील झाले. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर लावायचा राहिला आहे, मुलगा कामावरून यायच्या आत तो लावून ठेवतो.