मदत हवी आहे: गांडुळाने खाल्लेली ऊर्जा परत आली की नाही?

पुतणीला परिसंस्था शिकवतेय आणि मीच अडकलेय. ऊर्जा एकाच दिशेने वाहते, पोषकद्रव्यं फिरत राहतात, इथवर ठीक. दहा टक्क्यांचा हिशेबही (प्रत्येक पायरीवर साधारण दहावा भागच पुढे जातो) तिला पटला: गवतात १००० किलोज्यूल, नाकतोड्यात १००, बेडकात १०. (दहा हा आकडा ढोबळच, हे सांगून टाकलं.)

मग तिने कुंडीतलं एक कुजकं पान उचललं. खाली बुरशीचे पांढरे धागे, शेजारी गांडूळ. म्हणाली, "पान मेलं, बुरशीने खाल्लं, ते गांडुळाने खाल्लं, गांडूळ पक्ष्याने. म्हणजे ऊर्जा परत साखळीत आलीच की! मग चक्र नाही का हे?"

माझं उत्तर असं: पक्ष्यापर्यंत पोचली ती पानातलीच उरलेली ऊर्जा, आणि प्रत्येक पायरीवर श्वसनात ती उष्णता होऊन गळत गेली. मातीतून मुळं नायट्रोजन, फॉस्फरस उचलतात, ऊर्जा नाही. ती पुन्हा सूर्याकडूनच. हे बरोबर आहे ना?

खरी पंचाईत आकृतीची. ऊर्जेच्या पिरॅमिडमध्ये (तळाशी वनस्पती, वर त्यांना खाणारे) विघटकांना, म्हणजे बुरशीसारख्या कुजवणाऱ्यांना, बसवायचं कुठे? पुस्तकात ते बिचारे कोपऱ्यात, बाण सगळीकडून येतात आणि परतीचा एकच. त्या एका बाणामुळेच गोंधळ होतो असं मला वाटतं. ऊर्जेचे बाण एका रंगात आणि पोषकद्रव्यांचे दुसऱ्या रंगात काढले तर चालेल? कुणी वर्गात असं करून बघितलंय का? सोपी आकृती असेल तर फोटो टाका प्लीज.