मदत हवी आहे: देशी बनावटीचं ०.३२ रिव्हॉल्वर दुकानातच पारखायचं कसं?

नमस्कार मंडळी.

आधीच सांगतो, देशी म्हणजे कट्टा नव्हे. रीतसर परवाना आहे आणि सरकारी कारखान्यात तयार झालेलं हत्यार पक्क्या बिलाने घ्यायचं आहे. 'अर्ध्या किमतीत मिळवून देतो' म्हणणाऱ्यांनी कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नये.

आमचा पेट्रोल पंप मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वस्तीपासून लांब. यूपीआय आलं तरी रात्री ट्रकवाले रोखच देतात आणि ती रक्कम सकाळी बँकेत पोचवायला मी स्वतः जातो. स्वसंरक्षणासाठी अर्ज केला होता. पोलीस चौकशी, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण, सगळं होऊन परवाना हातात आला. बोअर, म्हणजे नळीच्या छिद्राचं माप, ०.३२ इंच. (९ मिमी आणि ०.३८ सामान्य माणसाला मिळत नाहीत, त्यामुळे तो सल्ला नको.)

गन हाऊसमध्ये तीन गोष्टी दिसल्या. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं नेहमीचं ०.३२, वेब्ली या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचं, मधोमध मोडून उघडणारं. त्याचंच हलकं भावंड 'निर्भीक', २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आलेलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन सुमारे ५०० ग्रॅम. तेव्हाच त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती, आणि सोबतची दागिन्यांसारखी पेटी पाहून आमच्या हिने 'मंगळसूत्र कुठाय यात?' असं विचारलं. तिसरं २०२३ चं 'प्रबल', ज्याचं सिलिंडर (काडतुसं भरायचं फिरतं नळकांडं) बाजूला उघडतं. वजन ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर.

दुकानदार म्हणतो, तिन्ही उत्तम. तो दुसरं काय म्हणणार? दुकानात गोळी झाडून बघता येत नाही. मग नुसतं हातात घेऊन नग चांगला की वाईट हे कसं ओळखायचं? आणि हलकं घ्यावं की जड?

प्रतिसाद: निवृत्त_शस्त्रागार

साहेब, मॉडेलपेक्षा नग पारखा. एकाच खोक्यातले दोन नग सारखे निघत नाहीत. शक्य असेल तर दोन-तीन नग काढायला लावा.

पहिलं, सिलिंडर उघडून सहाही घरं, म्हणजे काडतुसं बसायची भोकं, डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. दुकानदार 'रिकामंच आहे' म्हणाला तरी. नळीचं तोंड भिंतीकडे, माणसांकडे नाही. नंतर त्याची परवानगी घेऊन डमी काडतुसं मागा. रिकाम्या घरावर चाप ओढत बसू नये.

आता हॅमर (काडतुसावर आपटणारा मागचा घोडा) अंगठ्याने अगदी सावकाश मागे घ्या. हॅमर अडकायच्या आधी किंवा त्याच क्षणी सिलिंडर 'टक' करून जागेवर बसलं पाहिजे. हे सहाही घरांवर करा, कारण दोष बहुधा एखाद्याच घरात असतो. सिलिंडर उशिरा बसत असेल तर घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत, गोळीचं शिसं कडेने खरवडतं आणि त्याचे कण बाजूला उडतात. तो नग परत द्या.

हॅमर चढलेला असताना मागून अंगठ्याने जरा दाबा. घसरला तर ते हत्यार दुकानातच ठेवा, किंमत कितीही कमी करू देत.

सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास हवी. गॅरेजवाल्याकडची फीलर पट्टी, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, नेलीत तर उत्तम. मोडून उघडणाऱ्या प्रकारात बिजागरी आणि वरचा खटका हा नाजूक भाग. बंद करून एका हातात मूठ, दुसऱ्या हातात नळी धरून हलवा. नव्या नगात खडखड अजिबात नको. बाजूला उघडणाऱ्यात चौकट अखंड असते, म्हणून ही काळजी कमी. नळीत मागून पांढरा कागद धरून उजेडात बघा, आटे, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, स्वच्छ दिसले पाहिजेत. पॉलिशकडे मी फार बघत नाही. ओरखडा चालतो, ढिला खटका चालत नाही.

हलकं की जड? तुम्ही ते दिवसभर कमरेला लावणार नाही, सकाळी बँकेपर्यंत नेणार. मग २०० ग्रॅम वाचवून काय मिळवायचं? जड हत्यार हातात स्थिर राहतं. नेम बाजूला ठेवा, आधी दुहेरी पद्धतीने, म्हणजे हॅमर न चढवता, चाप ओढून पाहा. बोट थरथरत असेल तर दुसरा नग मागा.

प्रतिसाद: खडकीकर

वरचं सगळं बरोबर. फक्त काडतुसांचं राहिलं. ०.३२ लाँग हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं काडतूस, ताकद बेताची. त्यामुळे निदान ते हमखास फुटेल याचा तरी भरवसा हवा. आमच्या खडकीच्या कारखान्याची काडतुसं असतील तर बुडावर 'केएफ' छाप दिसेल. जुनी, ओल लागलेली घेऊ नका. 'पिस्तूल वाजलंच नाही' या तक्रारीत कधी दोष हत्याराचा असतो, कधी पंपाच्या कपाटात चार पावसाळे काढलेल्या काडतुसाचा. घेतल्यावर जिल्हा रायफल क्लबात निदान सहाही घरांतून झाडून बघा. वर्षाला किती घ्यायची आणि जवळ किती ठेवायची ते परवान्यावर लिहिलेलं असतं, त्यात सरावाची तजवीज करा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. फीलर पट्टी आमच्या मेकॅनिककडे आहे, तीच नेतो. 'प्रबल'चे दोन नग काढून ठेवायला सांगितलेत. एक शंका: निवडणुकीत जमा करावं लागतं म्हणतात, तेव्हा ठाण्यात गंजलं तर?

प्रतिसाद: निवृत्त_शस्त्रागार

निवडणुकीत कोणाची शस्त्रं जमा करायची हे ठरवणाऱ्या छाननी समितीने सांगितलं तर जमा करावंच लागतं. आधी नळी आणि घरं साफ करून तेलाचा पातळ हात द्या, चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं. पावतीवर नंबर आणि हत्याराची स्थिती दोन्ही लिहून घ्या. परत आल्यावर वरची सगळी तपासणी पुन्हा करायची, काडतुसं भरण्याआधी.